डोमाजीभाऊंचे उलटे खिसे

भंडाऱ्याच्या एका वकिलाने डोमाजी निंबार्ते यांना फसवलं. ज्या दाव्यात तो डोमाजीभाऊंचा वकील होता, त्याच दाव्यात त्याने डोमाजीभाऊंचं नाव समोरच्या शेठला विकलं आणि पुढे त्याच शेठची कोर्टाची सगळी कामं मिळवली. हे मी ऐकीव सांगत नाही. मी त्याच शेठच्या कापडाच्या दुकानात नोकर होतो. त्या दाव्याचा फायदा मलाही मिळाला. म्हणूनच हे लिहिताना माझी मान वर होत नाही.

वकिलाचं आणि शेठचं नाव मी लिहीत नाही. भंडाऱ्यातल्या जुन्या माणसांना ते माहीत आहे. डोमाजीभाऊंचं मात्र पूर्ण लिहिणार, कारण ते नाव एकदा भर बाजारात डफडं वाजवून खराब केलेलं आहे.

डोमाजीभाऊ कोंढ्याचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, धोतर आणि वर पांढरा सदरा. सदऱ्याला दोन्ही बाजूंना मोठे खिसे, आणि त्या खिशांत बहुतेक वेळा काहीच नसायचं. बोटं लांब होती. ती बोटं रिकामी बसत नसत. कापड हातात आलं की काठाला काठ लागायचा आणि घडी पडायची, डोळे मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. पोळीची घडी, पेपरची घडी, चहाच्या टपरीवरच्या ओल्या फडक्याचीसुद्धा घडी. माझा काका वारला तेव्हा ते आमच्या गावी, एकोडीला, बसायला आले होते. लोक उठून गेले तशा यांनी अंगणातल्या सतरंज्या उचलल्या आणि काठ जुळवून एकावर एक रचून ठेवल्या. माझी काकू काका गेल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. ती भिंतीशी बसून बघत होती. म्हणाली, “डोमाजी, तुमी अथी बी दुकान मांडलं का?”

“मांडलं नाही मावशी, आवरून रायलो,” ते म्हणाले.

काकू हसली आणि मग रडली. रडली ते बरं झालं, असं बायका नंतर म्हणाल्या.

दुकान म्हणजे तीन मजली. आमच्या भागात काचेचे दरवाजे त्याच दुकानाने पहिल्यांदा आणले. साकोलीपासून पवनीपर्यंतचे लग्नाचे बस्ते तिथे बांधले जायचे. आधी तिथे गाद्या होत्या. गिऱ्हाईक पुढे बसायचं, आम्ही मागे मांडी घालून बसायचो. मग शेठ मुंबई पाहून आले आणि त्यांनी लाकडी काउंटर केले. गाद्या गेल्या आणि आमचं बसणं गेलं. गिऱ्हाइकांना खुर्च्या आल्या. आम्हाला काही आलं नाही. सकाळी शटर उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत उभं राहायचं, आणि काउंटरला टेकलात तर वरून शेठची टाळी वाजायची.

डोमाजीभाऊ खेड्यातल्या बायांचे लाडके. शहरातली बाई आली की आमच्यातले बाकीचे पुढे सरकायचे, खेड्यातली आली की ते. “पाहाले काही पैसे लागते का? पाहा बाई, मन भरून पाहा,” म्हणत थानावर थान उलगडत जायचे. काही न घेता उठून गेलेल्या बाईलाही “या हो परत” म्हणायचे. मी तापायचो. मला विक्री दिसायची, त्यांना माणूस दिसायचा. पण धंदा त्यांचाच जास्त व्हायचा. त्याचं कारण त्यांनीच मला एकदा सांगितलं.

“वासू, तोंडानं कापड विकत नाही. ते बाईच्या खांद्यावर टाकाचं. खांद्यावर आलेलं कापड बाई खाली ठेवत नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्याने पुढे त्यांचा गळा कापला.

मी एकोडीहून आलेला, डोक्याने गरम. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, न्हाव्याशी, कोणाशीही भाव केल्याशिवाय मी पुढे जात नसे आणि भाव करता करता आवाज चढायचा. डोमाजीभाऊ शेजारी उभे राहून ऐकायचे. “तू भाव करून रायला का भांडण करून रायला? एकच काहीतरी कर ना गड्या.” त्यांनी स्वतः कधी भाव केलेला मी पाहिला नाही. समोरचा सांगेल ते द्यायचे. मला त्याची चीड यायची. अजून येते.

आता झडतीचं सांगतो.

दुकान बंद झालं की पुढच्या दारातून आम्हाला जाता येत नसे. मागच्या गल्लीत एक अरुंद दार होतं. तिथे खुर्ची टाकून दिवाणजी बसायचे. आम्ही रांगेत. टोपी काढायची, खिसे उलटे करायचे, डब्याचं झाकण उघडायचं, दोन्ही हात वर करायचे. दिवाणजी बसूनच काखेपासून गुडघ्यापर्यंत चाचपायचे. त्यांचे हात पान खाल्ल्याने चिकट असायचे. त्या गल्लीत गिऱ्हाइकांच्या बैलबंड्या आणि रिक्षा उभ्या असायच्या. ज्या माणसाला दुपारी आम्ही “या दादा, बसा दादा” करून धोतरं दाखवलेली असायची, तोच माणूस आम्हाला हात वर केलेले बघायचा.

माझ्या बहिणीची सोयरीक ठरली होती. तिचे होणारे सासरे बस्त्याची चौकशी करायला आले होते आणि बंडीपाशी उभे होते. माझे हात वर, दिवाणजींची बोटं माझ्या कमरेत, आणि आमची नजरानजर झाली. पुढे लग्नात ते नीट बोलले. पण माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या खिशाकडे जाते, असं मला कायम वाटलं. खरंच जात होती की नव्हती, कोण जाणे. लाज अशी असते. समोरच्याने काही न करताही ती आपल्या अंगावर चढते.

त्या दिवशी मी रस्त्यात शिव्या देत चाललो होतो. डोमाजीभाऊ माझ्याबरोबर होते. त्यांनी झडतीसाठी उलटे केलेले सदऱ्याचे खिसे आत घातले नव्हते. दोन्ही बाजूंनी शेळीच्या कानांसारखे लोंबत होते.

“भाऊ, खिसे आत घ्या.”

“काहून?”

“लोक पाहून रायले.”

“पाहू दे. गल्लीतले लोक पाहातेच. बाजारातल्यांनी कोणाचं घोडं मारलं?”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज संध्याकाळी मागच्या दारातून निघायचे आणि अख्ख्या बाजारातून उलट्या खिशांनी, अंगावर लग्नाचा नवा कोट असावा तशा रुबाबात चालत घरी जायचे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने एकदा हाक मारली, “काय डोमाजी, खिसे वाळवून रायले का?”

“हो बावा. शेठनं धुतले. वाळाले टाकले.”

सगळा चौक हसला. ही गोष्ट शेठच्या कानावर गेली. शेठनी बोलावून सांगितलं, खिसे आत ठेवत जा. डोमाजीभाऊ हात जोडून म्हणाले, “शेठ, आत ठेवतो. पण मंग तुमच्या दिवाणजीले उद्या परत बाहेर काढा लागते. म्हाताऱ्या माणसाले कायले तरास?” शेठनी हातानेच जा म्हटलं. खिसे कुठे ठेवावेत याचा काही नियम नव्हता.

लोक म्हणायचे, डोमाजी मोठा नकली माणूस. आमच्याकडे नकली म्हणजे गमत्या. पण मी बरोबर चालायचो, म्हणून मला दिसायचं. घर जवळ आलं की ते थांबायचे, इकडे तिकडे बघायचे आणि खिसे आत घालायचे. बायकोला ते खिसे त्यांनी कधी दिसू दिले नाहीत.

ब्लाउज पीसच्या काउंटरला सुगंधाबाई होती. नवरा नसलेली, पोक्त बाई, दुकानात एकटीच बाई. तिची झडती होत नसे. ती आधी निघून जायची. आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, माल कमी भरला असं वरून कळलं. दिवाणजी दारात म्हणाले, “बाई, आजपासून तुमीबी. पदर झटका.”

ती उभीच राहिली. आम्ही सगळे मागे रांगेत. गल्लीत वऱ्हाडाच्या बंड्या.

“झटका ना. हात तं नाही लावून रायलो मी.”

तिने पदर खांद्यावरून काढला आणि झटकला. पदराच्या टोकाला तिने फुटाणे बांधलेले होते. गाठ सुटली आणि फुटाणे पायरीवर सांडले, गल्लीत घरंगळले. बंडीवरची पोरं हसली. सुगंधाबाई खाली बसून ते वेचायला लागली. एवढ्याशा फुटाण्यांसाठी कोणी वेचत बसत नाही. पण मला वाटतं, तिला मान वर करायची नव्हती. आम्ही कोणी हललो नाही. डोमाजीभाऊ रांग सोडून पुढे गेले, तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि फुटाणे वेचू लागले.

त्या दिवशी रस्त्याने जाताना त्यांचे खिसे आत होते. मी विचारलं तर म्हणाले, “आता खिशानं नाही भागत वासू.”

वकील त्यांना कोणी दाखवला मला माहीत नाही. हुशार होता. त्याने सांगितलं की प्रत्येकाने वेगळं भांडायची गरज नाही. एकाने सगळ्यांच्या वतीने दावा लावायचा. नाव एकाचं, दावा सगळ्यांचा. मात्र ज्यांच्या वतीने दावा आहे त्या सगळ्यांना जाहीर कळवावं लागतं, आणि उद्या तडजोड झाली तरी तीही जाहीर कळवावी लागते, म्हणजे कोणाची हरकत असेल तर त्याने यावं. मागणं दोनच. झडती बंद करा, आणि गिऱ्हाईक नसताना बसायला स्टूल द्या. शेठची साकोलीलाही एक शाखा होती, तिथल्या नोकरांनाही हे लागू व्हायचं होतं.

नाव कोणाचं, हा प्रश्नच आला नाही. सगळ्यांनी डोमाजीभाऊंकडे पाहिलं. तेव्हापासून आम्हाला ती सवयच लागली.

दाव्याची दवंडी दुकानासमोरच पिटली गेली. डफडं वाजलं, बेलिफाने कागद वाचला, आणि आतमध्ये डोमाजीभाऊ एका म्हातारीला नऊवारी दाखवत होते. म्हातारीने विचारलं, “बाहेर कायचा गोंधळ होय?” हे म्हणाले, “काही नाही मावशी, मी मालकावर दावा लावला. हा काठ पाहा, पक्का रंग आहे.” दावा चालू असेपर्यंत ते त्याच दुकानात काम करत होते. शेठ त्यांना काढू शकले असते, पण शेठच्याच वकिलाने थांबवलं असणार. ते शेठला आधीसारखाच रामराम करायचे. शेठ तोंड फिरवायचे.

साक्षीच्या दिवशी आम्ही काही जण सुटी काढून कोर्टात गेलो. शेठचा वकील नागपूरचा. त्याने डोमाजीभाऊंना विचारलं, “झडतीत तुमच्याकडे कधी काही सापडलं?”

“नाही साहेब.”

“मग तुमचं नुकसान काय झालं? कोणी मारलं? कोणी शिवी दिली?”

“नाही.”

“मग तक्रार कशाची?”

डोमाजीभाऊ म्हणाले, “साहेब, तुमी एक डाव दोन्ही हात वर करून उभे राहा. मंग सांगतो.”

कोर्ट हसलं. जजसाहेबही खाली बघून हसले. नागपूरच्या वकिलाने हात वर केले नाहीत. तो बसला. त्या दिवशी परत येताना आम्हाला वाटलं, आपण जिंकलो. मला अजून वाटतं, आम्ही जिंकणारच होतो. हेच तर दुःख आहे.

पावसाळा सरत आला होता तेव्हा आमचा वकील कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर आला आणि म्हणाला, “झालं! शेठ मानले. झडती बंद, स्टूल कबूल. तडजोड केली.” वकीलपत्रावर त्याला आमच्या वतीने तडजोड करायचा अधिकार होता. कोणी जास्त विचारलं नाही. मी, जो वांग्याच्या भावासाठी अर्धा तास घासाघीस करतो, त्या मीसुद्धा विचारलं नाही की त्याच्या बदल्यात शेठना काय मिळालं. माझ्यासारख्या माणसाला हे सुचायला हवं होतं. फुकट कोणी काही देत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हार आणला. सकाळी दुकानात गेलो तर काउंटरमागे नवी कोरी स्टुलं. शेठनी कोर्टाची तारीख यायच्या आधीच सगळं देऊन टाकलं होतं. आम्ही डोमाजीभाऊंच्या गळ्यात हार घातला. सुगंधाबाईने त्यांना स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, “बसा भाऊ, पह्यले तुमीच बसा.” ते संकोचून टेकले, जसा नवरदेव पाटावर बसतो.

दुपारी बाहेर डफडं वाजलं. तडजोडीची दवंडी. आम्ही सगळे दारात आलो, वरच्या मजल्यावरचेही आले. बाजार थांबला. बेलिफाने मोठ्यांदा वाचलं. दुकानात एका नोकराच्या गैरवर्तनामुळे माल जात होता, म्हणून झडती ठेवणे प्रतिवादीला भाग पडले. सदर नोकर म्हणजे वादी डोमाजी निंबार्ते हाच असून तो नोकरी सोडून जात आहे. सबब झडतीची गरज उरलेली नाही. ती आजपासून बंद. कोणाची हरकत असल्यास अमुक तारखेला कोर्टात हजर राहावे.

डफडं पुन्हा वाजलं आणि बेलिफ पुढच्या चौकात गेला. तिथेही वाचायचं होतं.

पानवाला त्याच्या टपरीतून बघत होता. मग त्याने खाली बघून पानाला चुना लावायला घेतला. डोमाजीभाऊंनी गळ्यातला हार काढला, मधोमध दुमडला, पुन्हा दुमडला आणि घडी करून काउंटरवर ठेवला. मग आत गेले. एक बाई थांबली होती, तिला राहिलेली दोन लुगडी दाखवली. बाईने ती घेतली नाहीत. त्यांच्याकडे बघतही नव्हती.

संध्याकाळी आम्ही पुढच्या दारातून बाहेर पडलो. पहिल्यांदा. सुगंधाबाई पदर घट्ट खोचून, कुठेही न थांबता, थेट निघून गेली. मी बाहेर आलो आणि माझे हात मला कसे वाटले, ते सांगतो. हलके वाटले. इतकं ऐकूनही हलके वाटले. शेठनी कापड आमच्या खांद्यावर टाकलं होतं.

तारखेपर्यंत मी सगळ्यांना भेटलो. हरकत घ्या, सगळ्यांनी मिळून घ्या, कोर्ट ऐकेल. एक म्हणाला, लेकीचं लग्न आहे. एक म्हणाला, डोमाजी काय म्हणते ते पाहू. एकाने मला सरळ विचारलं, “तुले परत हात वर कराचे आहे का?” वकिलाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हरकत आली तर तडजोड मोडेल आणि झडती दुसऱ्या दिवसापासून सुरू.

कोर्टात सगळे आले. ते बघून मला आशा वाटली. जजसाहेबांनी विचारलं, “या तडजोडीला कोणाची हरकत आहे?” सगळ्यांनी डोमाजीभाऊंकडे पाहिलं. मी उठणार होतो. त्यांनी न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. मग ते उभे राहिले. त्यांनी मागे वळून सुगंधाबाईकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती आणि तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

“माही हरकत नाही साहेब,” ते म्हणाले.

जजसाहेबांनी पुन्हा विचारलं. समजून बोलताय ना? दवंडीत काय वाचलं ते ऐकलंत ना?

“आयकलं साहेब. सगळ्या बाजारानं आयकलं. हरकत नाही.”

बाहेर कडुलिंबाखाली मी त्यांना धरलं. “भाऊ, एवढ्या भावात कोणी माल देते का?”

“माल कोणाचा होता?”

“तुमचा.”

“मंग भाव बी माहाच.”

“तुमी चोर नाही!”

“ओरडू नको. तुले माहीत आहे ना? मंग झालं. आता खरं सांग, उद्या तुहे हात वर जावं असं वाटते का तुले?”

नाही, असंच खरं उत्तर होतं. आयुष्यात इतक्या लोकांशी इतकं भांडलो, पण त्या कडुलिंबाखाली माझ्याकडे शब्द नव्हता. डोमाजीभाऊंवर माझा राग आहे तो याच जागेचा. त्यांनी मला विचारायलाच नको होतं.

वकिलाला मात्र मी सोडलं नाही. त्याच्या घरी गेलो. तो सुपारी कातरत होता. म्हणाला, “अरे बाबा, व्यवहार बघ. एका माणसाचं नाव गेलं, बाकी सगळ्यांचे हात सुटले. वाईट सौदा आहे का?”

मी म्हणालो, “साहेब, सौदा मले शिकवू नका. मी सौद्यावरच वाढलो. सौदा आपल्या मालाचा कराचा असते. तुमी दुसऱ्याचा माल इकला, आणि त्याले इचारलं बी नाही.”

“त्याने कोर्टात हरकत नाही म्हटलं.”

“तुमी त्याच्या खांद्यावर सुगंधाबाईले बसवलं आणि मंग इचारलं!”

त्याने अडकित्ता खाली ठेवला आणि गड्याला हाक मारून मला बाहेर काढायला सांगितलं. मी त्याच्या अंगणातली कुंडी फोडली. त्याने काही झालं नाही, माझा पाय सुजला. दिवाळीच्या आत शेठची सगळी कोर्टाची कामं त्याच्याकडे आली.

मी पुढच्या वर्षी ती नोकरी सोडली. पुढचं दार, बसायला स्टूल, सगळं होतं. पण त्या स्टुलावर मला बसवेना. लाखनीच्या आठवडी बाजारात जमिनीवर चादर टाकून कापड विकायला सुरुवात केली. मग हातगाडी, मग हमरस्त्याला भाड्याची खोली, मग स्वतःचं दुकान. कोणी दिलं नाही, कोणाकडे मागितलं नाही. माझ्या दुकानाला मागचं दार मी ठेवलंच नाही.

डोमाजीभाऊंना भंडाऱ्यात कोणी कामावर घेतलं नाही. पवनीतही नाही. दवंडी दोन्हीकडे पोचली होती. ते कोंढ्याला गेले आणि भावाच्या शेतात, धानाच्या बांधीत राबायला लागले. मी दोनदा गेलो. माझ्या दुकानात या म्हणालो. “नको रे. तुह्या धंद्याले डाग लागन,” म्हणाले. चिखलातून वर आले, हात धुतले, आणि बोलता बोलता माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी करून परत दिली.

शेवटचं दर्शन त्यानंतर खूप वर्षांनी झालं. लग्नसराई होती. रस्त्यावर ट्रकांची रांग आणि दुकानात गर्दी. मी गल्ल्यावर होतो. माझा नोकर रामा, चांगला बाप्या माणूस, दाराजवळच्या टोकाच्या काउंटरला होता. त्याच्यासमोर पोरीच्या झग्याची कापडं पडली होती. त्यातलं एक घडी केलेलं होतं. काठाला काठ, सुरकुती नाही. रामाला असली घडी जन्मात येत नाही. मी मान वर केली.

दारात डोमाजीभाऊ उभे होते. केस पांढरे, पाठ आणखी वाकलेली. त्यांनी कापडी पिशवी रामासमोर उघडी धरली होती. आतलं सामान एकेक करून वर काढून दाखवत होते. तंबाखूची पुडी. लहान पोरीच्या बांगड्या. आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर.

रामा घाबरून माझ्याकडे बघत होता. “भाऊ, मी तं काहीच म्हटलं नाही यायले!”

“तू नाही म्हटलं बावा,” डोमाजीभाऊ म्हणाले. “मीच म्हटलं, आधीच पाहून घे. मंग कोणाले बोलाले जागा नाही रायत.”

मी गल्ला सोडून आलो. ते मला ओळखून हसले. “वासू, दुकान चांगलं आहे रे. उजेड चांगला आहे.” सांगून आले नव्हते. नातीला झगा पाहायला आले होते, आवडला नाही, जात होते. मी म्हणालो, भाऊ, माझ्या दुकानात? माझ्या दुकानात तुम्ही खिसे दाखवता? तर मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “तुले माहीत आहे. तुह्या नोकराले कोठी माहीत आहे?”

गिऱ्हाइकं बघत होती. मी खाली वाकलो आणि माझ्या हाताने त्यांचे खिसे आत ढकलले, आधी एक, मग दुसरा. कापड धुऊन धुऊन मऊ झालं होतं. एके काळी ते खिसे शेठची लाज बाजाराला दाखवायला बाहेर असायचे. त्यांना पाहून चौक हसायचा. आता हसण्यासारखं काही नव्हतं. मी चहाला थांबवलं, ते थांबले नाहीत. बस होती. झग्याचं कापड मी जबरदस्तीने पिशवीत टाकलं. ते म्हणाले, “पावती दे.” मी म्हणालो, कशाला? ते म्हणाले, “बसमध्ये कोणी इचारलं तं?”

मी पावती दिली.

ते रस्ता ओलांडून गेले. दोन ट्रकांच्या मधून मला दिसलं, समोरच्या किराणा दुकानात त्यांनी काडेपेटी घेतली. दुकानदार पैसे मोजत होता, त्याने वर बघितलंही नाही. डोमाजीभाऊंनी पिशवी काउंटरवर ठेवली, उघडली, आणि खिसे बाहेर काढले. मग बस आली आणि मध्ये उभी राहिली. ती गेली तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

आता ते नाहीत. वकीलसाहेब मात्र आहेत. मोठ्या बंगल्यात आहेत, सत्काराला जातात, भाषणं करतात. ऐकायला येत असेल असं मी धरून चालतो.

साहेब, दवंडी पिटली गेली तो चौक तिथेच आहे. पानवाल्याच्या जागी त्याचा मुलगा बसतो. डफडं मी आणतो, वाजवणाऱ्याला मी देतो, तुम्हाला यायला रिक्षा मी पाठवतो. तुम्ही फक्त त्या चौकात उभं राहायचं आणि डोमाजी निंबार्ते चोर नव्हते, हे एकदा मोठ्यांदा सांगायचं. यात भाव होणार नाही. वार तुम्ही ठरवा.

बोला, कधी येता?